दुर्बोधतेचा बागुलबुवा

जी कृती पहिल्या भेटीत मन जिंकत नाही ती लोकांची नव्हे, हा युक्तिवाद आपल्या समीक्षाव्यवहारात पुन्हा पुन्हा डोके वर काढतो. मराठवाड्यातील परिसंवादांत तर त्याला एक नैतिक धारही चढते. अवघड कविता, गुंतागुंतीची कादंबरी, तासभर चालणारा ख्याल ही सारी पोट भरलेल्यांची चैन. नांदेड-लातूरच्या वाचकाला तिचे काय होय, असा एकूण सूर असतो. हा युक्तिवाद बहुजनांच्या बाजूने उभा असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तो त्यांच्या हक्कावर घाला घालतो, असे माझे म्हणणे आहे. ते मांडण्यासाठी मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो; जवळच्या उदाहरणांभोवती आपले गट आणि आपले रुसवे गुंतलेले असतात.

१९६९ पासून पुढील पाच-सहा वर्षे ब्रिटनमध्ये ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ या नावाने ओळखले जाणारे संगीत बहरले. किंग क्रिम्सन, येस, जेनेसिस, जेथ्रो टल, जेंटल जायंट ही त्यातील ठळक नावे. तीन मिनिटांच्या गाण्याचा साचा मोडून या वादकांनी तबकडीची सबंध बाजू व्यापणाऱ्या रचना केल्या, मध्येच ताल बदलले आणि वादनाची तयारी उघडपणे पणाला लावली. जेंटल जायंटने १९७१ साली आपल्या तबकडीला ‘अक्वायरिंग द टेस्ट’ असे नाव दिले. चव कमवावी लागते, ही कबुली त्या शीर्षकातच आहे.

मला स्वतःला ही चव लातुरातील एका भाड्याच्या खोलीत कमवावी लागली. मित्राने ‘येस’ची १९७२ची ‘क्लोज टू द एज’ ही कॅसेट दिली. शीर्षकरचना सुमारे अठरा मिनिटांची. आरंभी पाण्याचा नि पाखरांचा आवाज, आणि मग एकाएकी गिटार, बेस, ऑर्गन व ड्रम यांचा असा कल्लोळ, की सम कोठे आहे हेच उमगेना. पहिल्या वेळी मी टेप बंद केला. मित्राला मात्र ‘छान आहे’ असे सांगितले. न कळलेल्या गोष्टीविषयी आपण सहसा हेच सांगतो. पुढे केवळ दुसरी कॅसेट हाताशी नसल्यामुळे ती पुन्हा पुन्हा ऐकली गेली. केव्हातरी लक्षात आले, की त्या कल्लोळातून गिटारवर एक सुरावट वर येते आहे आणि कल्लोळाने तिचीच वाट तयार केली होती. मधल्या संथ भागात चर्चच्या ऑर्गनचा घनगंभीर नाद येतो, त्यानंतर आरंभीची खळबळ निराळ्या रूपात परतते, आणि शेवटी पुन्हा तेच पाणी, तीच पाखरे. ती रचना होती तशीच होती. तिला धरून ठेवणारी माझी स्मृती तेवढी घडली होती. या गीताची प्रेरणा हेर्मान हेसच्या ‘सिद्धार्थ’ या १९२२च्या कादंबरीत आहे, हे नंतर कळले तेव्हा नदीचा तो आवाज अधिकच अर्थपूर्ण झाला.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वर्गाचा. प्रोग्रेसिव्ह रॉकवरही तो घेतला गेला आहे आणि त्याला आधारही आहे. जेनेसिसचा जन्म चार्टरहाउस या श्रीमंतांच्या शाळेत झाला. परंतु ‘येस’चा गायक जॉन अँडरसन हा अॅक्रिंग्टन या गिरणगावचा. पंधराव्या वर्षी शाळा सोडून त्याने शेतावर काम केले, लॉरी चालविली, दूध घातले. पंकच्या बंडाचा पुढारी जॉनी रॉटन पिंक फ्लॉइडविषयी तिरस्काराचे शब्द लिहिलेला सदरा घालून मिरवला. पण त्यानेच १९७७ साली लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आवडीच्या तबकड्या वाजविल्या तेव्हा त्यांत याच प्रोग्रेसिव्ह गोटातील पीटर हॅमिल होता. अवघड कलेचा जाहीर निषेध करणारे अनेकदा घरी तिचाच आस्वाद घेत असतात. वंचित राहतो तो त्यांचा निषेध प्रमाण मानणारा अनुयायी.

दुसरा आक्षेप कौशल्यप्रदर्शनाचा. तो अधिक गंभीर आहे. नुसती तयारी म्हणजे कला नव्हे, हे तानांचा पाऊस पाडणाऱ्या गवयांनी आपल्याला पुरेसे शिकविले आहे. याच परंपरेतील जेथ्रो टलने १९७२ साली ‘थिक अॅज अ ब्रिक’ या तबकडीत या भपक्याची थट्टा केली. दोन्ही बाजू व्यापणारी एकच रचना, आणि तिचे शब्द म्हणे एका आठ वर्षांच्या मुलाच्या कवितेचे! गंमत अशी, की विडंबन म्हणून रचलेली ही कृती स्वतःच त्या प्रकारातील एक उत्तम कृती ठरली. तेव्हा अवघड ते सारे थोर, असे मी म्हणत नाही. कित्येक कॅसेट मी दहा वेळा ऐकूनही कोरडाच राहिलो. माझी कसोटी साधी आहे: पुनर्भेटीत कृती वाढते की आटते? मात्र ही कसोटी लावण्यासाठी पुनर्भेट घडावी लागते. पहिल्याच भेटीत ‘दुर्बोध’ असा शिक्का मारणारा समीक्षक पुरावा तपासण्याआधी निकाल देतो. मर्ढेकरांच्या १९४७च्या ‘काही कविता’वरही हाच शिक्का बसला होता. पुढे त्याच कविता वर्गावर्गांत शिकविल्या गेल्या.

तिसरा आक्षेप असा, की प्रथमदर्शनी आवड हीच खरी आणि कमावलेली आवड कृत्रिम. यास आपल्याच परंपरेत उत्तर आहे. अभिनवगुप्ताचा सहृदय काव्याच्या सततच्या अनुशीलनाने मनाचा आरसा लख्ख करून घेतलेला रसिक आहे. श्क्लोव्हस्कीने १९१७ साली संवेदन लांबविणे व अवघड करणे हे कलेचे कार्यच मानले. भरताच्या नाट्यशास्त्राशी आयुष्यभर झुंजणारे नरहर कुरुंदकर नांदेडचे होते, तेथील पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते. हा ग्रंथ आपल्या मुलुखाला जड जाईल असे त्यांनी मानले नाही आणि तो समजावून सांगताना पातळही केला नाही.

आणि आपला मुलूख खरोखर एवढा अधीर आहे काय? औशाच्या नाथसंस्थानची चक्रीभजनाची परंपरा पाहावी. गावोगावी पखवाजाच्या साथीने रात्र जागविणारी भजनी मंडळे पाहावीत. लयीचे बिकट हिशेब ज्या शेतकऱ्याच्या बोटांवर आहेत त्याला ‘अवघड तुला झेपणार नाही’ असे सांगणारे आपण कोण? त्याची आवडही ऐकून ऐकून, मोठ्यांच्या शेजारी बसून कमावलेलीच आहे. फक्त ती बालपणापासून कमावलेली असल्यामुळे आपण तिला उपजत म्हणतो.

विद्यार्थ्यांचेही तेच. ‘लातूर पॅटर्न’ने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली आहे: खेड्यातून आलेले मूल एकच प्रश्न शंभर वेळा सोडवू शकते. चिकाटीचा तुटवडा येथे कधीच नव्हता. ती चिकाटी ठरलेल्या उत्तरावर संपते, एवढेच. कवितेला उत्तरतालिका नसते. तेथे पुनरावृत्तीतून प्रश्न बदलतो आणि प्रश्न विचारणाराही बदलतो. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. ज्ञान दारापर्यंत यावे ही त्यामागची आकांक्षा होती. त्या दारातून आत आलेल्या मुलाच्या हाती कवितेऐवजी तिचा सारांश ठेवणे आणि यालाच लोकाभिमुखता म्हणणे हा त्या आकांक्षेचा अवमान आहे.

पूर्वी काही ग्रंथ काही लोकांनी वाचू नयेत असा दंडक होता. आज दंडक नाही. ‘हे तुमच्यासाठी नाही’ असे कळवळ्याने सांगणारा आवाज आहे. परिणाम तोच होतो. समीक्षकाचे काम अवघड कृतीपासून वाचकाला वाचविण्याचे नाही. तिच्यापाशी दुसऱ्यांदा, दहाव्यांदा परतण्याचे धैर्य त्याला द्यावे, आणि आपण स्वतः पहिल्या वेळी टेप बंद केला होता हे प्रामाणिकपणे सांगावे.