झाड लक्ष्यांकावर जगत नाही



मालदांडी ज्वारी खरिपात पेरा, असे कोणी सांगितले तर आपण त्याला हसू. ती रब्बीची, भारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येणारी. मुरमाड रानात उशिरा येणारा कापूसही आपण लावत नाही. सहा महिन्यांच्या पिकासाठी आपण रान, ओल, हंगाम सारे बघतो. मग तीस वर्षे उभे राहणारे झाड लावताना हे शहाणपण कोणाच्या हवाली करतो? यादी घेऊन फिरणाऱ्याच्या आणि टेम्पो भरून कलमे आणणाऱ्याच्या!

हापूसचेच घ्या. रत्नागिरीला पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर, जमीन जांभ्याची, पाणी पडले की निचरून जाते. समुद्रामुळे ना उन्हाळा भाजतो, ना थंडी झोंबते. अकोल्याकडे पाऊस ७००-८००, मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळून बारीक मुळे तोडते. कलम तेच, मुलूख वेगळा. झाड मेले की मात्र ‘शेतकऱ्याने निगा राखली नाही’ असा शेरा!

शास्त्रज्ञांनी महाराष्ट्राचे ९ कृषी-हवामान विभाग पाडले आहेत. कोकण वेगळे, अवर्षणप्रवण पट्टा वेगळा, मध्य विदर्भ वेगळा. हे ज्ञान सरकारकडे आहे. पण लक्ष्यांक पुरा करायचा म्हटला की नकाशा कपाटात जातो आणि रोपवाटिकेत जे शिल्लक असेल ते शिवारात येते.

फळबागेला आमचा विरोध नाही. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, त्यातून कोरडवाहू रानांवर बोर, सीताफळ, डाळिंब उभे राहिले. आमचे भांडण न्यायाशी आहे. भाऊसाहेब फुंडकर योजनेत अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असे मिळते आणि पुढचे हप्ते झाडे जगण्यावर अवलंबून. जगवण्याची अट शेतकऱ्याला, मग योग्य झाड देण्याची अट देणाऱ्याला का नको?

विभाग ही पहिली चाळणी, आपले रान ही दुसरी. एकाच गावात टेकाडावर मुरूम आणि नाल्याकाठी भारी काळी. म्हणून लागवडीआधी मीटरभर खोल खड्डा घ्या. पाणी भरा. दुसऱ्या दिवशीही ते तसेच उभे असेल तर तिथे संत्रा-मोसंबी नको. मुळे कुजतील, डिंक्या लागेल. खालच्या थराची माती तपासायला द्या. चुनखडी जास्त निघाली तरी संत्रा नको, पाने पिवळी पडतील. हलक्या रानात सीताफळ, बोर, आवळा. मध्यम, निचऱ्याच्या जमिनीत आणि पाण्याची सोय असेल तरच केशर आंबा.

जिल्हा मेळाव्यात या मागण्या मांडायच्या:

१. खड्डा पाहिल्याशिवाय व माती तपासल्याशिवाय झाडाची शिफारस नको.
२. शिफारस लेखी, सही-शिक्क्यानिशी हवी.
३. शिफारस चुकून बाग गेली तर हप्ता तोडायचा नाही, भरपाई द्यायची.

तोपर्यंत टेम्पो बांधावर आला तरी कलम उतरवून घेऊ नका. आधी विचारा: हे झाड कोणत्या मुलखाचे?