करार दाखवा

यंदाच्या अंकाचा विशेष विभाग 'शेजार' या विषयावर आहे. लेखकांनी वाड्यातल्या, चाळीतल्या, दोन भाषांमधल्या शेजाराबद्दल मनापासून लिहिलं आहे. आम्हाला मात्र वर्षभर एकाच शेजाराने छळलं: महापालिकेच्या हद्दीला हद्द लागून असलेल्या महापालिकेचा, नगरपरिषदेचा, ग्रामपंचायतीचा शेजार. त्यांच्यात पाण्याचे, बसचे, कचऱ्याचे जे करार होतात, त्यांच्यावर लाखो माणसांचं रोजचं जगणं चालतं आणि ते करार यातल्या कुणीच वाचलेले नसतात.

२०२५ मध्ये घडलं खूप. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे शासन निर्णय निघाले आणि जूनअखेरीला मागे घेतले गेले. शिवरायांचे किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. जयंत नारळीकर गेले. सप्टेंबरात मराठवाड्यात पिकांबरोबर शेतातली मातीही वाहून गेली. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र संपादकीय व्हायला हवं. पण आमचं मन जानेवारीतच अडकून राहिलं आहे.

जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडू लागले. धडधाकट माणसाच्या हातापायांतली ताकद जायची. काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. राज्यातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. त्याच परिसरातल्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या गावांची नावं रोज पहिल्या पानावर येऊ लागली आणि तपास नांदेडच्या विहिरीपाशी पोचला. त्या विहिरीत खडकवासल्याचं पाणी यायचं, त्यात क्लोरीन मिसळलं जायचं आणि तेच आसपासच्या गावांच्या नळांना जायचं. शुद्धीकरण प्रकल्प नव्हताच. धरण नजरेच्या टप्प्यात असलेल्या गावांना गाळलेलं पाणीही मिळत नव्हतं.

हे कसं झालं हे समजून घ्यायचं तर २०२१ मध्ये जावं लागतं. त्या वर्षी ३० जूनला नांदेड धरून २३ गावं पुणे महापालिकेत घेतली गेली. त्याआधी २०१७ मध्ये ११ आली होती. पण या २३ गावांपुरता नियोजनाचा अधिकार सरकारने पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिला. आराखडा आणि बांधकाम परवानगी प्राधिकरणाची. पाणी, ड्रेनेज आणि कचरा महापालिकेचा. इमारत उभी राहावी की नाही हे ठरवणाऱ्याला नळाला पाणी आणायचं नव्हतं आणि पाणी आणायचं होतं त्याला इमारतीबद्दल कुणी विचारलं नव्हतं. अशी विभागणी करायचीच होती तर त्या दोघांत पहिल्या दिवशी लेखी करार व्हायला हवा होता: किती घरांना परवानगी, त्यांना कुठलं पाणी, शुद्धीकरण कोण करणार, विकास शुल्कातला किती हिस्सा कुणाला. आणि तो चावडीवर लागायला हवा होता.

त्याऐवजी काय होतं, ते आमच्या एका जुन्या वर्गणीदाराने झेरॉक्सचा गठ्ठा पाठवून दाखवलं. त्यांच्या सोसायटीने पाण्यासाठी अर्ज केला. एका कार्यालयाने कळवलं की विषय दुसऱ्या कार्यालयाच्या अखत्यारीत आहे. दुसऱ्याने कळवलं की परवानगी देताना बिल्डरने हमीपत्र लिहून दिलं आहे, सार्वजनिक पाणीपुरवठा होईपर्यंत पाण्याची व्यवस्था त्याने करायची आहे. बिल्डर सोसायटी हस्तांतरित करून मोकळा झाला होता. गठ्ठ्यात सगळ्यात खाली टँकरच्या पावत्या होत्या, स्टेपल केलेल्या, महिन्यामहिन्याच्या. प्रत्येक पत्रावर आवक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे, भाषा सभ्य आहे, आणि एकाही पत्रात कुणी जबाबदारी घेतलेली नाही. ही माणसं घरपट्टी भरतात. त्यांनी फ्लॅट घेतला तेव्हा नकाशा मंजूर होता. त्यांचं चुकलं तरी काय?

आपल्या घटनेने या दुखण्यावर औषध देऊन ठेवलं आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिने दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असं घातलं. समितीने आराखडा करताना काय बघायचं हेही तिथे लिहिलं आहे: शहरं आणि पंचायती यांच्या सामायिक हिताचे विषय, पाण्याची आणि इतर नैसर्गिक साधनांची वाटणी. म्हणजे वरच्या गावाचा सरपंच आणि खालच्या शहराचा नगरसेवक एका टेबलावर बसून, नोंद होईल अशा आवाजात, पाण्याबद्दल बोलतील अशी जागा घटनेने केली.

ती जागा आपण वापरली नाही. पुण्याच्या महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्यावर हजारो हरकती आल्या, शेतकरी सुनावणीसाठी सातबारे घेऊन खेटे घालत राहिले. नियोजन समितीला डावललं म्हणून तिच्याच काही सदस्यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२५ मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. चार वर्षांचं काम एका निर्णयाने गेलं. इमारती मात्र त्या चार वर्षांत थांबल्या नव्हत्या. कल्याणजवळच्या २७ गावांचीही हीच परवड झाली. १९८३ मध्ये महापालिकेत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये पुन्हा आत. दर वेळी हद्दीची अधिसूचना निघाली, पण सेवांची वाटणी कशी होणार हे त्या गावकऱ्यांपुढे कुणी धड मांडलं नाही.

आणि नगरसेवक तरी कुठे होते? पुणे आणि मुंबईच्या महापालिकांवर मार्च २०२२ पासून प्रशासक होते. निवडणुका घ्या असं सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये सांगावं लागलं आणि सप्टेंबरात मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून द्यावी लागली. याचा परिणाम बघायचा असेल तर पीएमपीच्या बसमध्ये बसा. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवा एकत्र करून ही कंपनी झाली. संचलनातली तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी ६०:४० या प्रमाणात सोसायची असं ठरलं. हा चांगला करार आहे असं आम्ही म्हणतो, कारण त्याचं प्रमाण सगळ्यांना माहीत आहे, त्यावर भांडता येतं, हिशेब मागता येतो. पण संचालक मंडळावर दोन्ही शहरांच्या महापौरांची आणि स्थायी समिती अध्यक्षांची जी जागा आहे ती तेव्हा रिकामी होती. १ जून २०२५ पासून किमान भाडं पाच रुपयांवरून दहा रुपये झालं. सकाळी तीन घरची धुणीभांडी करायला दोन बस बदलणाऱ्या बाईच्या खर्चात त्या दिवशी किती भर पडली, हे विचारायला टेबलाशी एकही निवडून आलेला माणूस नव्हता. भाडेवाढ कदाचित टळलीही नसती. पण ती विचारणा झाली असती.

लोकांना न विचारता केलेली वाटणी कुठवर जाते हे पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्याने भोगलं आहे. पवना धरणाचं पाणी नदीतून वाहत येतं आणि रावेतच्या बंधाऱ्यापाशी पिंपरी-चिंचवडसाठी उचललं जातं. ते थेट धरणातून बंद पाइपने न्यायचं ठरलं. शहराच्या बाजूने हिशेब साफ होता: गळती कमी, प्रदूषण कमी. नदीकाठच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या पंपाखालचं पात्र कोरडं दिसत होतं. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मेले. प्रकल्पाला स्थगिती मिळाली ती बारा वर्षांनी, २०२३ मध्ये उठली. शहराला पाणी लागतं हे खरं आहे आणि नदीकाठाची भीतीही खरी होती. या दोन खऱ्या गोष्टी समोरासमोर मांडायला त्यांना रस्त्याखेरीज जागा नव्हती.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. दोन स्थानिक संस्थांमधला, किंवा महापालिका आणि जलसंपदा खात्यामधला, प्रत्येक करार मराठीत, संपूर्ण, वॉर्ड ऑफिसात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. मुदत किती, पैसे कोण भरणार, मोडला तर दंड काय, आणि जिथून पाणी उचललं जातं किंवा जिथे कचरा टाकला जातो त्या गावाला बदल्यात काय मिळणार, हे त्यात असलंच पाहिजे. पुण्याने मुंढव्याच्या जॅकवेलमधून साडेसहा टीएमसी शुद्ध केलेलं सांडपाणी शेतीसाठी परत द्यायचं कबूल केलं आहे. ते किती दिलं जातं आणि किती शुद्ध असतं, हे दर महिन्याला खालच्या शेतकऱ्याला वाचता आलं पाहिजे. आणि पाण्याचा करार झाल्याशिवाय गृहप्रकल्पाला परवानगी नको. हमीपत्रावर भागवणं बंद करा.

प्रशासनातले काही स्नेही म्हणतात, अशाने विकास थांबेल. नांदेडच्या विहिरीने जो विकास दाखवला तो थोडा थांबला असता तर बरंच झालं असतं, असं आम्हाला वाटतं.

निवडणुका पुन्हा येतील. उमेदवार दारात आला की त्याला आमच्या भागाच्या पाण्याचा करार कुणाशी आहे आणि तो कधी संपतो, एवढं विचारा. वाचकहो, तुमच्या गावाच्या, शहराच्या कराराची प्रत माहिती अधिकारात हाती लागली तर आमच्याकडे पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी आम्ही सोळा पानं राखून ठेवली आहेत. ती पुरली नाहीत तर वाढवू.

— संपादक