म्हाताऱ्या कोंबडीचा हिशेब



जिल्ह्याच्या बैठकांच्या निमित्ताने आमचा मुक्काम कोणा ना कोणा शेतकऱ्याच्या अंगणात पडतो. रात्री बाजेवर बसून कापसाच्या भावाची चर्चा होते. पहाटे जाग येते ती खुराड्यातल्या फडफडीने. घरची बाई त्याआधीच उठलेली असते. खुराड्याची फळी काढायची, शेण उचलायचे, सडा टाकायचा, पाणी भरायचे, पऱ्हाट्या मोडून चूल पेटवायची. चहा होईपर्यंत आम्ही हे सगळे बाजेवरून पाहतो, आणि दुपारी बैठकीत पुन्हा फक्त कापसावर बोलतो.

अशाच एका घरी कोंबड्या विकत घेणारा फेरीवाला दारात आला. घरधन्याने अंगणातल्या जुन्या लाल कोंबडीकडे बोट दाखवले. म्हणाला, "ने बाप्पा हिले. अंडे देत नाही, फुकटचे दाने खाते." आतून बाई बाहेर आली. "अंडे तलंगा देतात, पन बसते कोन? मांगच्या दोन खेपेचे पिल्ले हिनंच काढले." फेरीवाला हात हलवत गेला. घरधनी आमच्याकडे पाहून हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही, कारण त्या दोघांत हिशेब फक्त बाईने मांडला होता.

तोच हिशेब येथे मांडून पाहू. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५०-६० अंडी देते. पोल्ट्रीतली ३०० च्या घरात देते. गावरान कोंबडीचे पहिले दोन वर्षांचे बळ पुढे राहत नाही, अंडी कमी होत जातात. एवढेच पाहिले तर घरधन्याचे खरे. पण पोल्ट्रीतल्या कोंबडीला बसणे माहीत नाही, आणि सुधारित जातीच्या कोंबड्याही क्वचितच खुडूक होतात. २१ दिवस दाण्यापाण्यापुरते उठून अंड्यांवर बसायचे, पिल्ले निघाली की घार दिसताच त्यांना पंखाखाली घ्यायचे, उकिरडा उकरून किडा कसा शोधायचा ते दाखवायचे, हे काम जुनी गावरान कोंबडीच करते. तिच्याखाली तलंगांची १२ अंडी ठेवली, त्यातली ८ फुटली आणि घार, मांजर, मुंगूस यांच्या तावडीतून ४ जगली, असे धरा. वर्षातून दोनदा ती बसली तर ८ पक्षी झाले. आपल्या बाजारच्या भावाने त्यांना गुणा, मूठभर दाण्याची किंमत वजा करा, आणि मग फुकट कोण खाते ते ठरवा.

दारात भाव ठरतो तो कसा, तेही पाहा. घेताना फेरीवाला "म्हातारी झाली" म्हणून भाव पाडतो. तीच कोंबडी शहरात "अस्सल गावरान" म्हणून चढ्या भावाने जाते. कापसाच्या प्रतीचे नाव काढून भाव पाडणारा आपल्या ओळखीचा आहे. अंगणात तोच दुसऱ्या वेषात येतो.

दाणाही पूर्वी विकत आणावा लागत नव्हता. ज्वारीचे खळे लागले की सांडलेल्या दाण्यावर कोंबड्या महिनोन् महिने जगत. ज्वारी मागे पडली, तिच्या जागी सोयाबीन आले. ढोरांचा कडबा गेला तसा कोंबडीचा दाणाही गेला. कापसाच्या घरात सरकी मुबलक असते, पण ती ढोरांसाठी. सरकीतले गॉसिपॉल कोंबडीला मानवत नाही, अंड्याचा बलकही त्याने काळपट-हिरवा पडतो. आणि पेरणी झाल्यावर औषध चोळलेले उरलेले बियाणे अंगणात झटकले तर त्यावर सगळे खुराडे एका दिवसात मरू शकते. ते बियाणे खोल पुरा. एका धुऱ्यावर चार तासे ज्वारीची ठेवता आली तर ठेवा.

सर्वांत मोठे नुकसान मानमोडीचे. ही रोगराई आली की म्हातारी-तलंग असा भेद राहत नाही. लस आहे: पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा थेंब, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीची टोचणी. अडचण अशी की लसीची कुपी शंभर आणि त्याहून जास्त पक्ष्यांची असते, बर्फात आणावी लागते आणि कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. गावाने एक दिवस ठरवला, पहाटे खुराडी उघडण्याआधी घरोघर फिरले, तर परवडते. त्याचबरोबर आजारी कोंबडी घाईने बाजारात नेऊ नका. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा पक्षी मारून टाकावे लागले, आणि अंडी-कोंबडीचा बाजार दूरदूरपर्यंत बसला.

आता मूळ मुद्दा. २०१९ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. खुराडे झाडणे, त्यात राख टाकणे, पावसाआधी कुडाला लिंपण देणे, कुंपणाला काट्या लावणे, ही कामे घरची म्हणून कोणी मोजत नाही. पिकाचा खर्च काढताना घरच्या माणसांची मजुरी धरा, असे आपण भांडून सांगतो. मग आपल्याच अंगणातली मजुरी आपल्या वहीत का नाही? अंडी-कोंबडीचा पैसा हा बाईच्या हातातला सुटा पैसा असतो. पोराची वही, आजारपणाची पहिली गोळी, माहेरच्या वाटेचे एसटीचे तिकीट त्यातून निघते. तो पैसा फेरीवाल्याशी परस्पर बोलून संपवण्याचा अधिकार बाजेवर बसलेल्याला कोणी दिला?

कोंबडी जन्मभर पोसावी, असे आमचे म्हणणे नाही. बसेनाशी झाली, पिल्ले सांभाळेनाशी झाली, तर विकावी किंवा घरात रस्सा करावा. पण ते तिने ठरवावे, जिने तिला रोज कोंडले आणि रोज सोडले.

कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. अंगणाचा हिशेब झाकला म्हणून तो खर्च नाहीसा होत नाही, तो घरच्या बाईच्या अंगावर पडतो. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने एका कागदावर आपल्या अंगणाचा वर्षाचा हिशेब लिहून आणावा. तो ज्या बाईने सांगितला, तिलाही सोबत आणावे. लस टोचण्याचा दिवस त्याच बैठकीत ठरवू.