टाकीची तारीख

गेल्या महिन्यात एका सकाळी सीएनजी पंपावरच्या रांगेत पाऊण तास तिष्ठल्यानंतर माझा क्रमांक आला, शिरस्त्याप्रमाणे आम्ही सर्व जण गाडीतून उतरून बाजूला उभे राहिलो, आणि नळी जोडण्यापूर्वी तेथील तरुणाने टाकीच्या दाखल्याच्या लहानशा पट्टीवर नजर टाकून सांगितले, "काका, हायड्रो टेस्टची तारीख उलटलीय. गॅस देता येणार नाही." गाडीच्या विम्याची मुदत मी कधी चुकवीत नाही, परंतु मागच्या आसनावर बसणारी माझी नातवंडे जिच्यापासून वीतभर अंतरावर असतात, त्या टाकीची मुदत संपून बावीस दिवस झाले होते आणि मला त्याचे भानही नव्हते. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले. रांगेतील एका गृहस्थांनी मात्र कानाशी येऊन, टाकी न उतरविताच दाखला मिळवून देणाऱ्याचा पत्ता देऊ केला. तेव्हा आलेला संताप हा मजकूर लिहितानाही पुरता निवळलेला नाही.

या टाकीत वायू दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 200 किलो दाबाने कोंडलेला असतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या जवळजवळ नव्वदपट. प्रत्येक भरणीबरोबर टाकीचे पोलाद अणुमात्र फुगते, वायू खर्ची पडेल तसे पूर्ववत होते, आणि या नित्याच्या ताणात एखादा पोचा किंवा आवळपट्टीखालच्या ओलीने धरलेला गंज डोळ्यांना न दिसता आपले काम करीत राहतो. म्हणूनच दर 3 वर्षांनी तपासणीची सक्ती आहे; आणि ती करणाऱ्या केंद्रांना मंजुरी देणाऱ्या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा खात्याचे मुख्य दफ्तर आपल्याच नागपुरात आहे.

ही तपासणी मी हट्टाने उभे राहून पाहिली. टाकी उतरवून वायू काढून टाकतात, झडप काढून आत दिवा सोडून गंज पाहतात, मग ती काठोकाठ पाण्याने भरून, पाण्यानेच भरलेल्या एका मोठ्या नळकांड्यात उतरवितात आणि आतील दाब नित्याच्या दीडपटीच्याही वर नेतात. टाकी फुगली की बाहेरचे पाणी सरकून काचेच्या अंकित नळीत चढते, दाब सोडला की खाली येते, आणि जेवढे येत नाही तेवढे पोलाद कायमचे ताणले गेले असे समजावयाचे. हे प्रमाण एकंदर फुगवट्याच्या दशांशाहून अधिक भरले, तर टाकी बाद. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तरी हवेसारखा स्फोट होत नाही. नळीतील ती पाण्याची रेघ खाली येत होती, तोवर मी श्वास रोखून धरला होता.

इंजिनाच्या तक्रारी त्या मानाने किरकोळ. त्यांच्या नावाखाली होणारी लुबाडणूक मात्र किरकोळ नसते. दोन वर्षांमागे माझी गाडी पेट्रोलवर सुरळीत चाले आणि गॅसवर आली की मिसिंग मारू लागे. एका गॅरेजने वायूचा दाब उतरविणारा रिड्यूसरच गेला असे सांगून मोठ्या खर्चाचा अंदाज हाती दिला. आमच्या जुन्या मिस्त्रींनी प्लग काढून उजेडात धरले, एअर फिल्टर झटकून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, गॅसला ठिणगी जोरदार लागते. पेट्रोल चालवून घेतं, गॅस चालवून घेत नाही." चार प्लग आणि एक फिल्टर, एवढ्यावर काम झाले. कूलंटकडे लक्ष ठेवा, असे त्यांनी वर बजावले. कारण एवढ्या दाबाचा वायू प्रसरण पावताना थंडगार होतो, आणि रिड्यूसरभोवती फिरणारे गरम पाणी कमी पडले तर रिड्यूसरच गोठतो.

तपासलेली टाकी परत बसविण्याचे काम मी त्यांच्याच देखरेखीखाली करविले. वायूत मुद्दाम मिसळलेल्या उग्र दर्पावर ते विसंबत नाहीत; वाटीत साबणाचा फेस करून तो ब्रशने प्रत्येक जोडावर लावतात. तिसऱ्या जोडावर मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. त्यांनी टाकीची झडप बंद केली, नळीतला वायू मोकळा सोडला, जोड उकलून नव्याने बसविला, झडप सावकाश उघडली आणि पुन्हा फेस लावला. आणि आम्ही दोघे पाच मिनिटे काही न बोलता त्या फेसाकडे पाहत बसलो.