मूक रुग्णाची वेदना

वेदनेचे माप घेण्याचे सर्वांत विश्वसनीय साधन म्हणजे रुग्णाचा स्वतःचा शब्द होय. परंतु अतिदक्षता विभागात ज्याच्या श्वासनलिकेत नळी घातलेली असते व ज्याचा श्वास यंत्रावर चालतो, त्याच्यापाशी हा शब्दच उरत नाही. तो निश्चल पडलेला दिसला की त्याला काही दुखत नसावे, असा समज सहज होतो. तो समज निराधार आहे. गुंगीचे औषध बहुधा केवळ गुंगी आणते. वेदना शमवीलच असे नाही.

वेदना केवळ शस्त्रक्रियेच्या जखमेत असते असेही नव्हे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या एका पाहणीत प्रौढांना सर्वांत जास्त दुखले ते अंथरुणात कुशीवर वळविताना! जी गोष्ट शुश्रूषेचा नित्य भाग म्हणून बिनदिक्कत केली जाते, तीच नेमकी.

मग न बोलणाऱ्याची वेदना ओळखावी कशी? त्याच वर्षी फ्रान्समधील वैद्यांनी एक साधी मोजपट्टी मांडली. चेहऱ्यावरील ताण, हातांची हालचाल आणि श्वसनयंत्राशी जुळवून घेणे या तीन गोष्टी पाहून प्रत्येकीस एक ते चार गुण द्यावयाचे. बेरीज किमान तीन, कमाल बारा. पाचाच्या वर गेल्यास वेदना आहे असे सामान्यतः मानतात. नाडी व रक्तदाब यांवर मात्र एकट्याने विसंबता येत नाही, कारण ते ज्वराने वा औषधांनीही बदलतात. या मोजपट्टीला भाषा लागत नाही. परिचारिका केरळची आणि रुग्ण बिहारचा, हे ज्या देशात नवलाचे नाही, तेथे हा गुण लहान नव्हे.

मॉर्फिनसारख्या औषधांनी श्वास मंदावतो, ही भीती रास्त आहे. पण त्यावर उपाय औषध नाकारणे हा नसून मोजणे हा आहे: औषधापूर्वी एकदा, नंतर पुन्हा एकदा. ज्या तक्त्यावर ताप आणि नाडी टिपली जाते, त्यावर वेदनेचा रकाना नसावा याला कसलेही समर्थन नाही.

स्नायू शिथिल करणारे औषध दिलेल्या रुग्णापुढे मात्र ही मोजपट्टीही निरुपयोगी ठरते. त्याला भुवईसुद्धा आक्रसता येत नाही. तेथे वेदना आहे असे गृहीत धरूनच वेदनाशामक चालू ठेवावे लागते.