सशाच्या पाठीपासून मजुराच्या हातापर्यंत

कीटकनाशकाच्या बाटलीसोबत घडी घातलेले एक माहितीपत्रक येते. ‘त्वचेशी संपर्क टाळावा’, ‘त्वचेवर पडल्यास साबण व भरपूर पाण्याने धुवावे’ अशा ओळी त्यात बारीक अक्षरांत छापलेल्या असतात. फवारणीच्या घाईत त्या क्वचितच वाचल्या जातात. मात्र त्या सहज लिहिलेल्या नसतात. त्यांच्यामागे बहुधा एखाद्या प्रयोगशाळेतील सशाच्या पाठीवर उमटलेली लाली आणि सूज असते. प्राण्याला वेदना देऊन मिळवलेले ज्ञान ज्या माणसासाठी मिळवले, त्याच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर त्या वेदनेचे समर्थन कशाच्या आधारे करायचे, हा प्रश्न कृषिरसायनांच्या क्षेत्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे.

या चाचणीचा पाया 1944 साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घातला. आज ती आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या, म्हणजे ओईसीडीच्या, 404 क्रमांकाच्या मार्गदर्शक पद्धतीनुसार केली जाते. चाचणीच्या आदल्या दिवशी पांढऱ्या सशाच्या पाठीवरील केस काढतात. सुमारे 6 चौरस सेंटिमीटर त्वचेवर 0.5 मिलिलिटर द्रव किंवा 0.5 ग्रॅम घन पदार्थ पट्टीखाली 4 तास ठेवतात. पट्टी काढल्यानंतर 1, 24, 48 आणि 72 तासांनी लाली व सूज पाहून प्रत्येकी 0 ते 4 असे गुण देतात. त्वचा पूर्ववत होते की नाही, हे पाहण्यासाठी गरजेनुसार 14 दिवसांपर्यंत निरीक्षण चालते. पूर्वी एका चाचणीला सहा ससे लागत. आता आधी एकाच प्राण्यावर चाचणी करतात आणि खात्रीसाठी आणखी दोनपर्यंत प्राणी वापरतात.

ही पद्धत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. तरी तिच्या मर्यादाही दीर्घकाळ ज्ञात आहेत. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या वील आणि स्काला यांच्या अभ्यासात तीच रसायने वीसहून अधिक प्रयोगशाळांना चाचणीसाठी दिली होती. त्यांचे निष्कर्ष परस्परांपासून फार दूर गेले. एका प्रयोगशाळेला जे रसायन तीव्र वाटले, ते दुसरीला सौम्य वाटले. लाली किती गडद आहे, हे अखेरीस पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून राहते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक मूलभूत आहे. सशाची त्वचा पातळ असते, तिच्यावर केस दाट असतात आणि अनेक पदार्थ तिच्यातून माणसाच्या त्वचेपेक्षा अधिक सहज आत शिरतात. त्यामुळे सशाच्या त्वचेवर दाहक ठरलेली अनेक रसायने माणसाच्या त्वचेवर तशी ठरत नाहीत.

आज या चाचणीला पर्याय उपलब्ध आहे. माणसाच्या त्वचापेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांपासून बाह्यत्वचेचा थर तयार करता येतो. त्यावर रसायन ठराविक काळ ठेवतात, नंतर धुऊन टाकतात आणि किती पेशी जिवंत राहिल्या, हे रंगद्रव्याच्या साहाय्याने मोजतात. जिवंत पेशींचे प्रमाण 50 टक्के किंवा त्याहून कमी झाले, तर पदार्थ दाहक ठरतो. येथे निर्णय नजरेवर अवलंबून राहत नाही, उपकरणाने मोजलेल्या आकड्यावर ठरतो. ओईसीडीने ही पद्धत 439 या क्रमांकाने 2010 साली स्वीकारली. त्वचा जाळणाऱ्या संक्षारक पदार्थांसाठी तशाच ऊतींवर आधारित 431 क्रमांकाची पद्धत त्याआधीपासून आहे.

या पर्यायावरचे आक्षेप दुर्लक्षित करता येत नाहीत. कृत्रिम थरात रक्तवाहिन्या नसतात, रोगप्रतिकारक यंत्रणा नसते. जखम दोन आठवड्यांत भरून येते का, हे त्यावरून कळत नाही. काही गडद रंगाचे पदार्थ मोजणीत अडथळा आणतात. त्वचेतून किती विष रक्तात जाते किंवा वारंवार संपर्काने ॲलर्जी जडते का, हे तर वेगळेच प्रश्न आहेत आणि त्यांच्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात. यावरून एवढेच सिद्ध होते, की एका चाचणीने सर्व उत्तरे मिळत नाहीत. सशाची चाचणीही ती देत नव्हती. म्हणूनच 404 क्रमांकाची पद्धत स्वतःच एक क्रम सांगते. आधी उपलब्ध माहिती तपासावी. मग पदार्थाची आम्लता पाहावी, कारण सामू 2 किंवा त्याहून कमी, अथवा 11.5 किंवा त्याहून अधिक असेल, तर पदार्थ संक्षारक असण्याची दाट शक्यता असते. त्यानंतर प्रयोगशाळेतील ऊतींवर चाचणी करावी आणि तरीही शंका उरली, तरच प्राण्याकडे वळावे. हा क्रम कागदावर न राहता कटाक्षाने पाळला गेला, तरी बहुतेक सशांची गरज भासणार नाही.

भारताच्या कायद्याला हा विचार परका नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच शक्य असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असे तत्त्व आहे. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना देशात 2014 साली मनाई झाली. नव्या औषधांच्या नियमांत 2023 साली दुरुस्ती होऊन प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांना स्थान मिळाले. ओईसीडीच्या परस्पर मान्यतेच्या व्यवस्थेत भारत 2011 पासून पूर्ण सहभागी आहे, म्हणजे येथील प्रमाणित प्रयोगशाळेची चाचणी परदेशातही ग्राह्य धरली जाते. लिपस्टिकसाठी जी करुणा दाखवता आली, ती तणनाशकासाठी दाखवताना कचरण्याचे कारण उरलेले नाही.

पण केवळ चाचणी बदलून प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. उरलेला अर्धा शेतात आहे. वेष्टनावरचा रंगीत त्रिकोण आता बहुतेक शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हे रंग ठरतात ते मुख्यतः प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने दगावतात, त्या मात्रेवरून. पदार्थ त्वचेला भाजतो का, हे त्या रंगातून कळत नाही. हिरवा त्रिकोण पाहून हातमोजे बाजूला ठेवणारा मजूर रंगाचा अर्थ चुकीचा लावतो, असे म्हणणे सोपे आहे. त्याला तो अर्थ नीट सांगितलाच गेला नाही, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

शिवाय प्रयोगशाळेतील अट आणि शेतातील परिस्थिती यांत मोठे अंतर आहे. सशाच्या पाठीवर एकच पदार्थ 4 तास असतो. शेतात दोन-तीन औषधे एकाच पंपात मिसळली जातात. पंप गळतो, पाठ भिजते, घामाने ओले कपडे दिवसभर अंगावर राहतात. पाण्यात मिसळणाऱ्या तेलकट द्रावणांमध्ये मूळ कीटकनाशकाइतकाच त्यातील विद्रावकही त्वचेला त्रास देऊ शकतो. त्वचेचा दाह ही क्षुल्लक तक्रारही नाही. पॅराक्वाट हे तणनाशक निरोगी त्वचेतून फारसे आत जात नाही, पण खरचटलेल्या किंवा भाजलेल्या त्वचेतून गेलेल्या पॅराक्वाटने मृत्यू ओढवले आहेत. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसच्या आसपास माणसे दगावली. त्या सर्व विषबाधा त्वचेतूनच झाल्या, असे म्हणता येणार नाही. पण श्वासाइतकीच त्वचाही विषाची वाट असते, हे त्या वर्षाने पुन्हा दाखवून दिले.

म्हणून दोन्ही कामे एकत्र हाती घेतली पाहिजेत. नोंदणीसाठी माहिती सादर करणाऱ्यांनी आणि ती तपासणाऱ्यांनी सशाच्या चाचणीचा आग्रह सोडून ऊतींवरील चाचणी हा नित्याचा मार्ग मानावा आणि प्राणी वापरायचाच असेल, तर त्याचे कारण लेखी मागावे. विकायच्या अंतिम मिश्रणाची चाचणी व्हावी, केवळ शुद्ध रसायनाची नव्हे. त्वचेला असलेला धोका वेष्टनावर त्रिकोणाच्या शेजारी वेगळ्या चित्राने दाखवावा, म्हणजे अक्षरओळख नसलेल्यालाही तो कळेल. कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रशिक्षणात माहितीपत्रक नुसते वाटू नये, ते मजुरांसमोर त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे. कारण बाटली विकत घेतो शेतमालक, पण पंप पाठीवर घेतो मजूर. औषध मोजताना हातमोजे, फवारताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बांधावर साबण व स्वच्छ पाण्याची एक बादली, एवढी तयारी फार खर्चाची नाही.

सशाच्या पाठीवरील लालीतून मिळालेले ज्ञान आजवर फायलींमध्ये जपून ठेवले गेले. यापुढे ते ज्ञान सशाला न दुखावता मिळवता येईल. ते मजुराच्या हातापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र कोणतीही प्रयोगशाळा करणार नाही. ते विस्तार कार्यकर्त्यांना, विक्रेत्यांना आणि शेतमालकांनाच करावे लागेल.