पहाऱ्याशिवायचे काम

“डोक्यावर कुणी उभे नसेल तर आपला माणूस काम करत नाही, आणि कात्रीत सापडल्याशिवाय त्याचे डोके चालत नाही.” कुपवाडच्या एमआयडीसीपासून साताऱ्यातल्या कचेऱ्यांपर्यंत साहेबलोक हे ठासून सांगतात. ते खरे असते, तर जुन्या औंध संस्थानातल्या दोन गोष्टी घडल्याच नसत्या.

पहिली आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. 1939 मध्ये औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी तिथे कैद्यांची खुली वसाहत वसवली. तुरुंगाची भिंत नाही. बायकामुले सोबत, आणि कसायला शेत. याच प्रयोगावरून गदिमांनी कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. वसाहत आजही चालू आहे. यावर आक्षेप असा की कैद्यांना शिक्षेत सूट मिळण्याचे आमिष असते. असेल. हजेरीही असते. पण आमिष खुरपणी कधी करायची ते सांगत नाही, आणि हजेरीने पीक उभे राहत नाही. ते ज्याचे त्याला ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना याच राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि 1910 मध्ये तिथे नांगराचा कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत; माल खपवायचा म्हणजे आधी माणसांशी बोलायला हवे. त्या कारखान्यातून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. तिचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ही आले. नांगर विकणाऱ्याला बायकांचे मासिक काढण्याचे टार्गेट कुठल्या साहेबाने दिले असते? शंकरराव घरचेच होते, म्हणून त्यांना मोकळीक मिळाली, असे कुणी म्हणेल. अगदी बरोबर. माझे म्हणणे इतकेच, की ती मोकळीक घरच्यांपुरतीच का असावी?

आता ताणाचे. काम जास्त म्हणून माणूस खचतो, हे अर्धेच खरे. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये अमेरिका आणि स्वीडनमधल्या कामगारांच्या माहितीवरून दाखवले की कामाची मागणी भारी आणि निर्णयाचा अधिकार शून्य, या जोडीत माणूस सर्वाधिक पिचतो. मागणी तितकीच, पण हातात अधिकार असला, तर त्याच कामातून तो नवे शिकतो. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या शेतकी विभागाची धावपळ ज्याने पाहिली आहे त्याला हे पटवून द्यावे लागणार नाही.

मात्र स्वायत्ततेच्या नावाखाली चाललेल्या एका लबाडीचाही समाचार घेतला पाहिजे. “वेळ तुमची तुम्ही ठरवा” म्हणायचे, आकडा वरून ठरवायचा आणि रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागायचा! यात अधिकार साहेबाकडेच राहतो, जबाबदारी तेवढी खाली ढकलली जाते.

ओतशाळेतल्या भट्टीचे तापमान मतदानाने ठरवा, असे कुणीच म्हणत नाही. पण साचा खराब दिसला तर ओतकाम थांबवण्याचा हक्क मोल्डरला असावा. थांबवल्यामुळे त्या शिफ्टला जो माल कमी निघेल तो त्याच्या नावावर पडणार नाही, हे व्यवस्थापन लेखी द्यायला तयार आहे का?